घुगरीचा दरोडा

१९ फेब्रुवारी १९३४, सोमवार. मंगरूळपीर

आज फय्याजनं कचेरीच्या वऱ्हांड्याशेजारी टेबल मांडलं. नुसतं टेबल असतं तर मी काही बोललो नसतो. खुर्ची बी आहे. अन् समोर अर्जदारासाठी बाकडं! वीस सालं झाली, मी गुलाम नबी, सरकारी परवान्याचा अर्जनवीस, या चिंचेखाली सतरंजी टाकून लोकाईचे अर्ज लिहून राह्यलो. माह्या सतरंजीवर पाटील बसले, सावकार बसले, कोणाचं ढुंगण दुखलं नाही. आता सगळ्याईले बाकडं पाह्यजे.

फय्याज माह्या साडू. हलिमाची धाकटी बहीण अन्वरी त्याले दिली. अकोल्याले एका वकिलाकडं कारकून होता, तिथून परवाना काढला, अन् बसायले आला तर मंगरूळातच आला. रिसोडले जागा नव्हती का? सकाळी सलाम करून म्हणे, "भाईजान, तुमच्या सावलीत बसतो." सावली चिंचेची आहे, माह्यी नाही, असं मी म्हणणार होतो, पण लोक पाहून राह्यले होते.

त्याच्याजवळ पिनल कोडाचं नवं पुस्तक आहे, लाल बांधणीचं, नागपूरहून आणलेलं. माह्यं वडिलाच्या वेळचं. त्याची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्ली. पण सुरुवातीले असते काय? नुसता पसारा. चोरी, मारामारी, दरोडा, खरा माल सगळा मागं आहे, अन् तो मले तोंडपाठ आहे.

२४ फेब्रुवारी

दुपारी अन्वरी येऊन गेली. ती गेल्यावर हलिमा भाकरी थापता थापता म्हणे, "अवो, फय्याज अन्वरीले कलमं समजावून सांगते. तुमी वीस सालात मले एक नाई सांगतलं."

"बायकोले कलम सांगायची पाळी येऊ नये, यातच शहाणपण आहे."

"तरी सांगा ना एखादं."

मंग मी चुलीपाशी बसून सांगतलं. या टोपल्यातली भाकरी मी तुह्या मर्जीबिगर, वाईट नियतीनं उचलली, तर ती चोरी. घरी न्यायची बी गरज नाही. जागची हलवली की चोरी पुरी झाली. ती उचलताना मी तुह्या हात पिरगाळला, नाही तर तुले भिववलं, तर ती जबरी चोरी. अन् तीच जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली, की तिचं नाव दरोडा. चार असले तर जबरी चोरी, पाचव्यानं पाय ठेवला की दरोडा. शिक्षा काळं पाणी, नाही तर दहा सालं सक्तमजुरी.

हलिमा म्हणे, "एका मानसापायी एवढी? मंग बाकीच्या चौघाईनं त्याले घरी वापस पाठवावं." अन् हसली. वरून म्हणे, "हो, अन्वरीनं बी असंच सांगतलं."

म्हणजे हिले सगळं आधीच माहीत होतं! मी नीट सांगतो का नाही, तेवढं ताडून पाहून राह्यली होती. भाकरी गोड लागली नाही.

५ मार्च, सोमवार

आज मी असा अर्ज लिहिला की फय्याजच्या लाल पुस्तकाले घाम सुटावा.

शेलूबाजारजवळच्या तांड्यातला उदयसिंग आला. सरळ बाकड्याकडं चालला होता. मी हाक मारली, "उदयसिंग! तुह्या बापाचे अर्ज मी लिहिले, अन् तू तिकडं?" ओशाळला बिचारा, आला सतरंजीवर.

हकिकत अशी. त्याले यंदा पोरगा झाला. बंजाऱ्याईत ज्या घरी पोरगा होते तिथं होळीले धुंड असते. बाया घुगरीचं मडकं खुंट्याले बांधतात अन् काठ्या घेऊन राखण करतात. तांड्यातल्या माणसाईनं, त्याईले गेरिया म्हणतात, पाठीवर काठ्या खात खात ते मडकं पळवायचं. कोणी पळवलं नाही तर पोराले अपशकुन. हे मले नवं नाही, तांड्यावर जाऊन मी सोता ती घुगरी खाल्ली आहे. यंदा मडक्यापाशी उदयसिंगची बायको भुरीबाई होती. त्याचा चुलतभाऊ मोहनसिंग आला, त्यानं काठ्या खाल्ल्या, मडक्याले हात घातला. ओढाताणीत मडकं फुटलं, भुरीबाई पडली, तिचं मनगट मुरगळलं, अन् हातातलं चांदीचं कडं गेलं ते गेलंच.

"कड्यासाठी आला का?" मी विचारलं.

उदयसिंग जमिनीकडं पाहत म्हणे, "कडं तर गेलंच. पन मुन्शीजी, पडल्यावर ती मोहनसिंगकडं पाहून हसली. सारा तांडा म्हणते, गेरिया असावा तं मोहनसिंगसारखा. पोरगा माह्या, धुंड माह्या घरची, अन् नाव त्याचं! साहेबानं त्याले बोलावून एक डाव दम द्यावा, बस."

मले त्याचं दुःख लगेच समजलं. असं दुःख ज्याले होते त्यालेच समजते.

तिकडं टेबलावर फय्याज कोणाले तरी मोठ्यानं सांगत होता, "साधी दुखापत, कलम तीनशे तेवीस, आपसात मिटवता येते." लोक मान हलवत होते. मी म्हटलं, तीनशे तेवीस तर शेंबडं पोरगं बी लावते.

"किती जण होते?" मी उदयसिंगले विचारलं.

"मडक्यापाशी मोहनसिंग, अन् दोघं-तिघं."

"नीट आठव. धुंडीले दोघं-तिघंच जातात का?"

"नाई, गेरिया तं सारेच असतात."

"मंग पाच होते का नव्हते?"

"पाच काय, पन्नास होते, मुन्शीजी."

"सहा नावं सांग." त्यानं सांगतली.

मंग लेखणी जी चालली! जमाव पाचाहून जास्त. हाती लाठ्या. (लाठ्या बायकाईच्या हाती होत्या, पण होत्या तर खऱ्या.) अर्जदाराच्या पत्नीस दुखापत करून, जिवाचे भय घालून, घुगरीचे मडके व चांदीचे कडे तिच्या ताब्यातून हलविले. एक बी फट ठेवली नाही. होळीचा शब्द घातला नाही, कारण पिनल कोडात होळी नाही. वाचून दाखवायचं राह्यलं, त्याची लॉरी सुटून राह्यली होती. अंगठा देऊन तो पळत गेला.

७ मार्च

ठाण्यातून शिपाई सांगत आला: अर्ज पाहून ठाणेदार म्हणाले, याले म्हणतात लिहिणं, आमाले काही विचारायलेच ठेवलं नाही. तांडा म्हटलं की ठाण्यातल्या लोकाईचे कान आधीच उभे असतात. कलम तीनशे पंच्याण्णव, दरोड्याची शिक्षा. मोहनसिंग अन् बाकी पाच जण काल दुपारी धरून आणले.

कचेरीभर एकच चर्चा, गुलाम नबीचा दरोडा. नाझरनं मले सोता पान दिलं. फय्याजच्या बाकड्यावर आज एक कुत्रं बसलं होतं.

९ मार्च, जुम्मा

नमाजीनंतर फय्याज माह्यासंगं चालत आला. आवाज एकदम बारीक करून म्हणे, "भाईजान, ती धुंड होती ना?"

"तू अर्ज वाचला का?"

"ऐकलं. सहा घरचे कमावते माणसं आत आहेत. गहू उभा आहे त्याईचा. तुमी ठाणेदारसाहेबाले एक डाव सांगतलं, की होळीचा खेळ होता…"

मी समजलो. दरोडा माह्या सतरंजीवर झाला, त्याच्या टेबलावर नाही, याचं पोटात दुखून राह्यलं. म्हटलं, "बेटा, कलम लावायले छाती लागते." त्यानं सलाम केला अन् चालता झाला. अशी माणसं सलाम करून गेली की जास्त वाईट दिसतात.

१४ मार्च

उदयसिंग आला, संगं भुरीबाई, काखेत पोरगा. तिनं पदराची गाठ सोडली, आत चांदीचं कडं. काळं पडलेलं.

म्हणे, "होळीची राख भांडे घासाले घेऊन राह्यली होती, तं हे हाती लागलं. ढिलं होतं, पडलं असन. कोनी नाई नेलं, मुन्शीजी. आता तो कागद वापस द्या."

मी दोघाईले समजावून सांगतलं. एक तर कागद आता सरकारचा. साधी मारामारी असती तर तुमी आपसात मिटवली असती, साहेब बी हो म्हटले असते. दरोडा मिटवता येत नाही. तो फिर्यादीचा राहत नाही, बादशहाचा होते. दुसरं, कडं सापडलं म्हणून काय झालं? ते हातातून हललं. हललं की चोरी पुरी. अन् कडं सोडून दे, मडकं तर हललंच. मी सगळ्या वाटा बुजवून ठेवल्या आहेत.

हे सांगताना मले जरा बरं बी वाटत होतं. उदयसिंगचं तोंड मात्र पांढरं पडलं. म्हणे, "मी तं फक्त दम द्या म्हटलं होतं."

"अन् साहेबापुढं खोटं होतं म्हणशीन," मी म्हटलं, "तर कलम दोनशे अकरा. दरोड्याचा खोटा आरोप करणाऱ्याले सात सालं."

भुरीबाईनं त्याच्याकडं पाह्यलं. "म्हंजे भावाईले दहा सालं, नाई तं तुले सात?" मंग माह्याकडं वळून म्हणे, "अन् मुन्शीजी, तुमाले किती?"

बंजाऱ्याच्या बाया फार तोंडाळ. मी लेखणी पुसायले घेतली.

१७ मार्च

मोहनसिंगची माय रुपाबाई सकाळपासून माह्या सतरंजीसमोर बसली आहे. बोलत नाही, रडत नाही, मागत नाही. नुसती बसली. तिच्यामुळं आज कोणी अर्जदार माह्याकडं फिरकला नाही, सगळे टेबलावर. दुपारी फय्याजनं तिले पाणी नेऊन दिलं. लोकाईसमोर चांगुलपणा करायची एकही संधी हा माणूस सोडत नाही.

त्यानं आरोपींच्या जामिनाचा अर्ज लिहिला म्हणे, अन् त्यात कलम सत्त्याऐंशी घातलं. दोघं जण राजीखुशीनं खेळ खेळले, अन् खेळता खेळता एकाले लागलं, तर तो गुन्हा होत नाही. पुस्तकात पट्टा खेळायचा दाखलाच दिला आहे म्हणे. नाझर म्हणे, "काय डोकं आहे पोराचं!"

घरी येऊन मी माह्यं पुस्तक पाह्यलं. वाळवीचं भोक एकशे सहाव्या कलमापर्यंत गेलं आहे. सत्त्याऐंशी मले माहीत होतं. फक्त आठवलं नाही.

२७ मार्च

काल बकरी ईद, कारंज्याले सासरी. दस्तरखानावर कलेजीची पहिली बशी आजवर मोठ्या जावयाले येत आली. काल सासूबाईनं ती फय्याजपुढं ठेवली! म्हणे, "बेटा, सहा घरच्या बायाईची दुआ घेऊन राह्यला तू." फय्याजनं बशी उचलून माह्यासमोर सरकवली. मले त्याची सरकवलेली कलेजी नको होती. म्हटलं, पोट बरं नाही. मंग खरंच पोट दुखलं.

परत येताना लॉरीत हलिमा म्हणे, "त्यानं तुमाले कवा वाईट म्हटलं, ते सांगा."

"तेच तर! म्हणत नाही ना कधी."

तिनं कपाळाले हात लावला.

३ एप्रिल

जामीन झाला नाही, दरोड्याले कुठं होते? फय्याजचं सत्त्याऐंशी फुकट गेलं. मले आनंद व्हायले पाह्यजे होता. झाला बी, पण रुपाबाई अजून तिथंच बसते, अन् आनंद करायले जागा राह्यली नाही.

वाशिमच्या मॅजिस्ट्रेटपुढं तपास अकराले आहे. तिथं पुरावा दिसला तर केस अकोल्याले, सेशनात. मले समन्स आलं, अर्ज माह्या हातचा म्हणून. काय बोलायचं ते ठरवलं आहे: अर्जदारानं जसं सांगतलं तसं लिहिलं. परवान्याचा नियमच आहे, अर्जनवीसानं पदरचं काही घालू नये. घातलं म्हटलं की वीस सालाचा परवाना गेला. मंग खायचं काय, चिंचा?

उदयसिंगचं काय होईन, ते त्यानं पाहावं. दम द्या म्हणत आला होता ना?

१० एप्रिल

हलिमा अन्वरीकडं गेली अन् बराच वेळ बसली. फय्याज बी घरी होता म्हणे. आल्यावर माह्या शेरवानीची गुंडी शिवता शिवता म्हणे, "उद्या साहेबापुढं कोनी काही म्हटलं तं तुमी भडकू नका."

"मी कायले भडकीन?"

"काही नाई," म्हणे, "सांगून ठेवलं."

११ एप्रिल, बुधवार. वाशिम

जे झालं ते झालं तसं लिहितो.

मॅजिस्ट्रेट साहेब नवे नाहीत. सहा सालं आधी मंगरूळले तहसीलदार होते. माह्ये शेकडो अर्ज त्याईनं वाचले आहेत. सहा बंजारे एका दोरीत उभे. मोहनसिंगची दाढी वाढली होती. आरोपींच्या वकिलामागं फय्याज, हातात लाल पुस्तक. रुपाबाई दाराबाहेर.

आधी उदयसिंग. कडं सापडलं म्हणाला, खेळ होता म्हणाला, भाऊ निर्दोष आहेत म्हणाला. साहेबानं चष्मा काढला. "मग दरोड्याची खोटी फिर्याद दिलीस? याला सात वर्षं आहेत, माहीत आहे?"

"साहेब, मी मडकं फुटलं म्हटलं होतं. दरोडा म्हंजे काय, ते मले आजबी नाई समजत."

मंग मले पुकारलं. साहेबानं विचारलं, "हा मजकूर फिर्यादीनं सांगितला?"

"जी हुजूर. जसं सांगतलं तसं लिहिलं."

झालं. बोललो. उदयसिंग माह्याकडं पाहून राह्यला. त्याच्या डोळ्यात राग बी नव्हता. माराले न्यायच्या बैलानं पाहावं तसा पाहत होता. मी भिंतीकडं पाह्यलं.

इथंच संपायचं होतं. पण साहेबानं अर्ज पुन्हा उचलला, अन् हसले. म्हणाले, "गुलाम नबी, अक्षर तुमचं आहे. पण मजकूर तुमचा वाटत नाही. तुमचे अर्ज मला पाठ आहेत. गरीबपरवर, मेहेरबानी व्हावी, अर्जदार बालबच्चेवाला आहे. हा अर्ज वेगळा आहे. इथं व्याख्येचा एक एक शब्द मोजून बसवला आहे. हे शिकलेल्या माणसाचं काम. तुमचे साडू अकोल्याहून आले आहेत ना? मसुदा त्यांनी केला आणि तुम्ही नक्कल केलीत, असंच ना?" अन् फय्याजकडं पाहून म्हणाले, "काय हो? मसुदा तुमचा?"

कोर्टात सगळे फय्याजकडं पाहून राह्यले. अन् फय्याजनं काय करावं? नाही म्हणावं ना! तो उभा राह्यला, मान खाली घातली, अन् चूप! एक अक्षर बोलला नाही. साहेबानं टाक उचलला, लिहून घ्यायले.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल घेतलं, खुर्ची घेतली, अर्जदार घेतले, कलेजी घेतली, अन् आता माह्या अर्ज बी? मी ओरडलोच, "नाही हुजूर! याचा एक शब्द नाही त्यात! सगळा माह्या आहे!"

"तुमचा? मग हे 'पाचाहून जास्त' कुठून आलं?"

"मी आणलं, हुजूर! फिर्यादी दोघं-तिघं म्हणत होता. म्हटलं, तीनशे नव्वदच्या जबरी चोरीत अडकून काय फायदा, एक्याण्णवच्या दरोड्याले पाच पाह्यजेत. मीच त्याच्या तोंडून सहा नावं काढली."

"आणि लाठ्या?"

"लाठ्या बायकाईच्या होत्या, हुजूर. कोणाच्या ते मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर भय कुठून आलं असतं? 'जिवाचे भय' माह्यं. 'ताब्यातून हलविले' माह्यं. होळी मी वगळली. फिर्यादी म्हणे, भावाले दम द्या. बस, तेवढंच त्याचं. बाकी सगळं या हातचं आहे. फय्याजले असं येते का, विचारा त्याले!"

बोलता बोलता मले खरंच अभिमान वाटून राह्यला होता. मंग ध्यानात आलं की कोर्टात माह्याशिवाय कोणीच बोलत नाही, अन् साहेबाचा टाक भराभर चालून राह्यला आहे.

"म्हणजे तुमचं पहिलं उत्तर खोटं होतं," साहेब म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण! पण आता मागं जायले जागा नव्हती. अन् खोटं कायले बोलू, जायचं बी नव्हतं. "होतं, हुजूर."

"फिर्यादीला अर्ज वाचून दाखवला होता?"

"नाही, हुजूर."

साहेब बराच वेळ लिहीत होते. मंग हुकूम सांगतला. होळीचा खेळ, सर्वांच्या राजीखुशीचा, कलम सत्त्याऐंशी. आरोपी सोडून द्यावे. फिर्यादीनं दरोडा सांगितलाच नाही, तर खोटा आरोप त्यानं केला नाही. अर्जनवीस गुलाम नबी याचा परवाना जप्त. खोटी साक्ष त्यानं आपल्याच जबाबात सुधारली, म्हणून तिच्याबद्दल खटला करत नाही.

दोरी सुटली. रुपाबाई आत धावली. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

वापसीच्या लॉरीत फय्याज शेजारी बसला. मालेगाव आलं. मंग म्हणे, "भाईजान, ते 'ताब्यातून हलविले' लय जोरदार होतं. मले सुचलं नसतं."

"नाहीच सुचलं असतं," मी म्हटलं. परवाना गेलेल्या माणसाले जितकं बरं वाटू शकते, तितकं वाटलं.

१३ एप्रिल

सतरंजी झटकून घरी आणली. हलिमानं ती घडी करून ठेवली. दुपारी मीच विषय काढला. म्हटलं, "तो कोर्टात चूप काहून बसला, ते सांग. माह्या अर्जावर नाव लावून घ्यायले निघाला होता!"

हलिमा तांदूळ निवडत होती. म्हणे, "साहेबानं त्याचं नाव लिहिलं असतं तं परवाना कोनाचा गेला असता?"

"त्याचा."

"नवा परवाना. दोन महिन्याचा."

"मंग बोलला काहून नाही?"

तिनं सूप खाली ठेवलं अन् माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "तुमाले आजबी नाई समजलं?" अन् उठून आत गेली.

मी विचार करून राह्यलो. साहेब विचारतात, अन् हा चूप. गेला असता तर गेला असता परवाना, असंच ना? म्हणजे गुन्हा माह्या, अन् तो बी यालेच पाह्यजे होता. माणसाले किती हाव असावी!

पण मंग हलिमा त्याच्या घरी एवढा वेळ कायले बसली होती? विचारलं तर सांगत नाही.

२९ एप्रिल, रविवार

तांड्यावरून उदयसिंग बैलगाडी घेऊन आला. म्हणे, धुंड अधुरी राह्यली, मडकं फुटलं अन् घुगरी मातीत गेली; पोराचा अपशकुन काढा लागते. पुन्हा करून राह्यलो, तुमी याच लागते. मी नाही म्हणत होतो, पण हलिमा शेरवानी घेऊन दारात उभी. गाडीत पाह्यलं तर फय्याज आधीच बसलेला. चांगल्या जागेवर.

तांड्यात माणसं दोन बाजूनं उभी. मधे खुंटा, खुंट्याले मडकं, भोवती बाया काठ्या घेऊन. भुरीबाईच्या हातात कडं, घासून लख्ख केलेलं. मोहनसिंग अन् उदयसिंग एकाच घोंगडीवर बसले होते, अन् कोणी जागचं हलेना. मी म्हटलं, गेरिया कुठं आहेत?

रुपाबाई पुढं आली. महिनाभर माह्यासमोर बसली होती ती, पण तिचा आवाज मी पह्यल्यांदा ऐकला. म्हणे, "यंदा गेरिया तुमी, मुन्शीजी. मडकं पाह्यजे असन तं मार खा लागन. राजीखुशीनं आहे ना? नाई तं मंग कलम सांगा."

सारा तांडा हसला. मी शेरवानी काढली. या वयात! वाकून खुंट्याकडं निघालो. पहिली काठी भुरीबाईची, हलकी, खेळातली. मंग दोन-चार तशाच. मंग रुपाबाईची बसली. ती खेळातली नव्हती. डोळ्यापुढं काजवे चमकले. दुसरी बसली. मी मडक्यापाशी गुडघ्यावर आलो, हात लांब केला, अन् तिसऱ्यासाठी तिनं काठी वर नेलेली दिसली. मी पाठ कडक करून थांबलो. म्हटलं, येऊ दे. ही बी येऊ दे.

आली नाही. वर पाह्यलं तर फय्याज मधे आलेला, मनगट धरून उभा, दातावर दात दाबून हसत. त्याच्या लिहिण्याच्या हातावर बसली होती.

"तुले कोणी बोलावलं होतं?" मी ओरडलो.

"भाईजान, तुमची पाठ…"

"सरक तिकडं! ती काठी माह्यी होती."

बाया हसून राह्यल्या होत्या. फय्याज हसून राह्यला होता. मी मडकं छातीशी धरून मातीत बसलो, अन् मले काहून कोणास ठाऊक, रडू आवरेना. ती काठी माह्यी होती.